वरच्या वावरातला वाढता दगड

वैशाखातल्या एका सोमवारी दुपारी वळीव झाला. आमच्या वरच्या वावरातला दगड त्या पावसात पडला. मंगळवारी सकाळी माझा भाऊ आण्णा पहार घेऊन तो उभा करायला गेला. दगड त्याच्या अंगावर आला. बैलगाडीतून विट्याला नेताना वाटेत तो गेला.

मला तार सांगलीला मिळाली ती तिसऱ्या प्रहरी. शाळेला सुट्टी लागली होती आणि मी उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. तारेत तीनच शब्द होते. पोस्टमनने ते आधी वाचले असावेत, कारण सही घेताना त्याने मान वर केली नाही. एस.टी.ने विटा आणि तिथून पुढे चालत... मी पोचलो तेव्हा सगळं उरकलेलं होतं. आण्णाचा मुलगा सुभाष गलाईच्या धंद्यात, मद्रासच्याही पलीकडे. त्याला यायला तीन दिवस लागले. आमच्याकडची हातापायांनी धड माणसं अशीच मुलखोमुलखी सोनं गाळत बसलेली असतात. त्या मंगळवारी आळीत पहारीला हात घालील असा आण्णा एकटाच होता. दगड त्याच्यावरून बाजूला करायला चार म्हातारे आणि दोन बायका लागल्या, असं मला नंतर कळलं.

गावात म्हणतात, देवानं नेलं. मला तसं म्हणता येत नाही. तो देव कुठून आला हे मला माहीत आहे. दोन महिने होत आले, ते लिहावं की नाही हे ठरवण्यातच गेले.

आण्णा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा तो तेरा वर्षांचा होता, मी चार. त्याने पाचवीची शाळा सोडली आणि औत धरलं. याबद्दल तो आयुष्यात कधी बोलला नाही. मी हायस्कुलात गेलो तेव्हा माझ्या पुस्तकांना जाड खाकी कागदाची कव्हरं तोच घालून द्यायचा, आणि घालता घालता आतली चित्रं बघत राहायचा. नकाशांवर त्याचं बोट जास्त वेळ फिरायचं. "ह्यात आपला वढा कुठं हाय रं?" असं त्याने एकदा विचारलं होतं. मी हसलो होतो. नकाशा हिंदुस्थानचा होता.

आमचं वरचं वावर टेकाच्या उतरणीवर आहे. वर चुलत्याचं पड रान, खाली ओढा, आणि ओढ्यालगत तात्यांची पट्टी. तात्या भावकीतलेच, आण्णाच्या बरोबरीचे. आमच्या आणि चुलत्याच्या हद्दीवर वडिलांनी वाटणीच्या वेळी एक लांबोळका काळा दगड पुरला होता. बांध घातला असता तर दोन्हीकडचं नांगराचं एकेक तास वाया गेलं असतं, म्हणून नुसती खूण. पुरला तेव्हा तो जमिनीच्या वर जेमतेम दोन विती होता. आई तण भांगलायला गेली की दुपारी त्याच्यावर बसून भाकरी खायची.

मी कऱ्हाडला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाकरी घेऊन वावरात गेलो, तर दगडावर बसलेल्या आईचे पाय जमिनीला टेकत नव्हते. मी वाकून पाहिलं. दगडाच्या वरच्या अंगाला ऊनपावसाचे करडे डाग होते आणि खाली वीतभर पट्टा स्वच्छ, नुकता धुतल्यासारखा.

"आई, तुझा पाट वाढला की गं," मी म्हणालो.

"वाढला म्हंजी?"

"वर्साला तिळाएवढा वाढत आसंल. नंदी वाढतोय तसा."

कुठल्याशा देवळातला नंदी दरसाल तिळाएवढा वाढतो, असं वर्गातल्या एका मुलाकडून मी ऐकलं होतं. मी हसलो. बैलांना पाणी दाखवून आलेला आण्णाही हसला. आई हसली नाही. ती दगडावरून उतरली आणि पदराने तिने तो पुसला. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर हळदकुंकू होतं. दिवाळीला आलो तर शेंदूर. त्यानंतर आई दगडावर कधी बसली नाही. शेजारी मातीत बसून भाकरी खाऊ लागली. दगड उघडा का पडला हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. मला फक्त गंमत सुचली होती.

त्या गमतीला रीत लावली ती आण्णाने. दर आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पेरणीच्या तयारीला हात घालायच्या आधी, तो नवा सुती दोरा घेऊन वावरात जायचा. जमिनीपासून दगडाच्या माथ्यापर्यंत दोरा धरायचा, गाठ मारायचा, तोडायचा आणि घरी आणून ठेवायचा. गेल्या सालच्या दोऱ्यापेक्षा यंदाचा लांब भरला की त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसे. बोटभर लांब भरला तर आळीत गूळ वाटला जाई. हळूहळू शेजारपाजारच्या वस्त्यांवरचीही माणसं नारळ घेऊन येऊ लागली. वाढता देव म्हणून तो माहीत झाला. तात्या मात्र चेष्टा सोडत नसत.

"आण्णा, नवस तू बोलायचास आन् जुंधळा माझ्या रानात पिकायचा. लय भला देव हाय गड्या तुझा."

"मग वर्साला एक नारळ देत जा की."

"दोन देतो. त्येनं आसंच खाली बघत ऱ्हावं म्हंजी झालं."

ते बोलणं आता पुन्हा पुन्हा आठवतं. तात्यांना कळलेलं होतं असं नाही. त्यांची पट्टी दर पावसाळ्यानंतर जाड होत होती, काळी होत होती, आणि ते तिच्या नशिबाला हात जोडत होते, इतकंच. आमच्या गावात माती गेली असं कुणी म्हणत नसे. रान थकलं म्हणत. रान हाडावर आलं म्हणत. आण्णा म्हणायचा, "रानात धोंड्याचं बी पडलंय." दर उन्हाळ्यात तो आणि वैनी पाट्या भरभरून दगड वेचायचे आणि वावराच्या कडेला ढीग लावायचे, पुढच्या उन्हाळ्यात तेवढेच दगड पुन्हा हजर. मी यावर पुष्कळ विचार केला आहे. माती जाताना दिसत नाही. ती पावसात जाते आणि पावसात माणूस घोंगड्याखाली किंवा घरात असतो. उघडीप झाल्यावर वावरात जावं, तर समोर काल नव्हते ते दगड असतात. जे गेलं ते दिसत नाही, जे आलं ते दिसतं, आणि माणूस दिसतं तेच मोजतो. आण्णाने ते वर्षानुवर्षं गाठ मारून मोजलं.

दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी आठवीला भूगोल शिकवत होतो. धडा जमिनीच्या धुपेचा. फळ्यावर उतार काढला, उतारावर झाड काढलं, आणि मुळं उघडी पडलेली दाखवायची म्हणून जमिनीची रेघ पुसून थोडी खाली ओढली. झाडाला मी हात लावला नव्हता, तरी ते वर आल्यासारखं दिसू लागलं. मी खडू हातात धरून उभा राहिलो... मुलांना वाटलं, मी पुढचा प्रश्न विचारणार आहे. मी त्यांना आकृती उतरवून घ्यायला सांगितलं आणि तास संपेपर्यंत खिडकीशी उभा राहिलो.

दिवाळीला गावी गेलो तो हे सांगायचं ठरवूनच. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. मी उशाशी बसलो तसा तिने माझा हात धरला आणि वैनीला म्हणाली, "पयल्यांदा दिसला त्यो ह्येला. ह्यो नसता तर मी जलमभर देवावर बसून भाकर खाल्ली असती."

मी म्हणालो, "आई, त्यो धोंडा बाबांनीच पुरलाय की. तूच सांगतीस."

"पुरला तवा धोंडाच हुता. देव मागनं आला."

जे सांगायचं ठरवून आलो होतो ते तसंच घेऊन मी सांगलीला परत गेलो. त्या थंडीत आई गेली.

मग पाऊस पडलाच नाही. त्या वर्षाचं वर्णन मी करत नाही. ज्यांनी ते काढलं त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही त्यांना सांगून कळणार नाही. आण्णा आणि वैनी दुष्काळी कामावर जात होते. सुकडी खाऊन दिवसभर लोकांच्या रानात मातीचे बांध टाकत होते. उन्हाळ्यात ते काम आमच्या शिवारात आलं. ओव्हरसियरने दुर्बीण लावून उतारावर आडव्या रेघा आखल्या, आणि त्यातली एक पांढऱ्या फक्कीची रेघ बरोबर आमच्या दगडावरून गेली. बांध घातला गेला असता तर दगड गळ्यापर्यंत मातीत गेला असता. आण्णाने कुणाकडून तरी कार्ड लिहून घेऊन मला बोलावलं.

तो विट्याच्या स्टँडवर उभा होता. मला घ्यायला तो याआधी कधी आला नव्हता. वाटेने चालताना म्हणाला, "बापू, औंदाचा दोरा गेल्या सालाएवढाच भरला. रेसभर वाढला न्हाई देव. पाऊस न्हाई न् देव वाढत न्हाई. आधीच रुसलाय, त्यात त्येला गाडायचा व्हय?" पाऊस पडला नाही म्हणून माती गेली नाही, माती गेली नाही म्हणून दगड वाढला नाही. सगळं त्याच्या हातात होतं, फक्त उलट्या क्रमाने. मी तेवढं बोललो असतो तरी पुरे होतं. पण तो पुढे म्हणाला, "साहेब माझं ऐकून घेईना. तू त्येच्या भाषेत बोल. तुला शिकीवला, कवा काय मागितलं न्हाई. एवढं कर."

मी केलं. वावरात वीस-पंचवीस माणसं जमली होती. मी ओव्हरसियरशी शुद्ध आणि सौम्य भाषेत बोललो. लोकांची श्रद्धा, आईची आठवण, दुष्काळात गावाचं मन दुखवू नये, असं बरंच. तो तरुण, उन्हाने काळवंडलेला मुलगा शांतपणे ऐकत होता. आण्णा मधेच अभिमानाने म्हणाला, "सांगलीला मास्तर हाय. भूगूल शिकीवतोय."

ओव्हरसियरने माझ्याकडे पाहिलं. "सर, आपण भूगोल शिकवता?"

मी हो म्हणालो. त्याने दुसरं काही विचारलं नाही. वहीत आमच्या रानाच्या नंबरावर काट मारली आणि दुर्बीण उचलून पलीकडच्या रानात गेला. आण्णाने माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला अजून जाणवतो...

शेजारच्या रानांतले बांध आमच्या हद्दीपर्यंत येऊन थांबले. पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या टोकांवरून सुटलेलं पाणीही आमच्याच वावरातून उतरलं. त्या पुढच्या आखितीला दोरा चार बोटं लांब भरला. देव प्रसन्न झाला म्हणून आण्णाने गूळ वाटला आणि सांगलीला येणाऱ्या एका माणसाबरोबर मलाही पाठवला. मी तो खाल्ला.

मी त्याला सांगितलं ते फार उशिरा, तीन वर्षांपूर्वी. उन्हाळा होता. दोघं वावरात दगड वेचत होतो. म्हणजे तो वेचत होता आणि मी जमेल तसा हात लावत होतो. दगड तेव्हा त्याच्या कमरेला लागत होता. मी म्हणालो, "आण्णा, दगड वाढत न्हाई. हाय तिथंच हाय. माती खाली चाललीया."

त्याने पाटी खाली ठेवली. "माती चालली आसती तर मला कळलं नसतं व्हय? सकाळ-सांज तिच्यावरच चालतोय मी."

मी त्याला झाडाच्या मुळांचं सांगितलं, तात्यांच्या पट्टीचं सांगितलं, दुष्काळातल्या दोऱ्याचं सांगितलं. तो ऐकत होता. उतारावरून खाली ओढ्यापर्यंत त्याची नजर गेली आणि परत आली. मग त्याने विचारलं, "कवापास्नं म्हाईत हाय तुला?"

मी वर्ष सांगितलं.

"मग त्या साहेबाम्होरं का न्हाई बोललास?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. नुसतं विचारलं. मी हातातला दगड पाटीत टाकला. त्याने पाटी उचलली आणि तो पुन्हा दगड वेचू लागला. त्या दिवसापासून दगडाविषयी तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मी सुट्टीत जात होतो, जेवत होतो, ओसरीवर वाचत बसत होतो. मला वाटलं, त्याला पटलं नाही. खरं सांगायचं तर त्याला पटलं नाही असं समजण्यात माझी सोय होती.

तेराव्यानंतर सुभाष परत गेला. मी आणखी चार दिवस राहिलो. वैनीने एका दुपारी बिस्किटांचा जुना डबा माझ्यापुढे आणून ठेवला. त्यात दोरे होते, वर्षावर्षाचे, नीट गुंडाळलेले. मी ते ओसरीवर शेजारी शेजारी ताणून मांडले. पहिला जेमतेम दीड हात होता. दोन दोरे अगदी सारखे होते, त्यांच्या पुढचा एकदम लांब. शेवटचे तीन नव्हते.

"मोजलाच न्हाई," वैनी म्हणाली. "तुमी बोलून गेलासा, त्येच्या फुडल्या आखितीला दोरा घिऊन गेलं आन् तसाच परत आनला. म्हनालं, एवढी वर्सं आपुन मातीच मोजत हुतो, दोरा उलटा धरून."

"मला का न्हाई सांगितलं?"

"म्या म्हनलं हुतं, भावजींस्नी कार्ड टाका. तर म्हनालं, नगं. त्येला वाटंल त्येच्यामुळं झालं. आन् लोकांस्नी तरी काय सांगू, आई खुळी हुती म्हनून?"

मी दोरे गुंडाळू लागलो. थोड्या वेळाने विचारलं, मग पडलेला दगड उभा करायला तो गेला कशाला? देव नाही हे कळलं होतं ना?

वैनी म्हणाली, "मी बी त्येच म्हनलं. पडलाय तर पडू द्या, पोरगा आला म्हंजी बघंल. तर म्हनालं, बाबांची खून हाय. हद्द कळाया नगं?" ती उठली. मग म्हणाली, "चला. तुमास्नी एक दावायचं हाय."

ती मला वावराच्या खालच्या अंगाला घेऊन गेली, तात्यांच्या पट्टीच्या वरच्या काठाशी. मी त्या बाजूला वर्षानुवर्षं गेलो नव्हतो. वेचलेल्या दगडांचे ढीग तिथे निम्मे झाले होते आणि उतारावर आडवी, गुडघ्याएवढी दगडांची रांग रचलेली होती. चुना नाही, चिखल नाही. दगडात दगड नीट बसवलेला, मोठे तळाला, चिपा फटींत. माती अडवायला ओघळीच्या तोंडाशी जुने लोक अशी ताल घालत.

"दोन उन्हाळं झालं," वैनी म्हणाली. "एकट्यानं. पोराला म्हनलं म्हईनाभर ये, तर त्येचं दुकान. तुमास्नी सांगू का म्हनलं, तर म्हनालं, त्यो सुट्टीला येतोय, त्येला वाचू दे."

तात्या आपल्या पट्टीतून वर आले. तेही त्या मंगळवारी दगडाला हात लावणाऱ्यांतले. तालीवर हात ठेवून म्हणाले, "मी म्हनलं हुतं त्येला, आण्णा, आता माझी माती अडवाया लागलास व्हय? तर म्हनाला, तुझी लय झाली तात्या. आता माझी जरा ऱ्हाऊ दे." त्यांना हसायचं होतं. हसता आलं नाही.

हिशेब साधा आहे. दुष्काळात तो बांध घातला गेला असता तर दगड मातीत घट्ट राहिला असता, आणि माती वावरात राहिली असती. ज्या माणसाने मला शिकवलं त्याने एकदाच माझ्या शिक्षणाचा उपयोग मागितला, आणि मी त्याचा उपयोग त्याच्याविरुद्ध केला. त्याच्या मायेपोटी केला असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण त्या वीस-पंचवीस माणसांपुढे "ही माझी चेष्टा होती" एवढं वाक्य मला बोलायचं नव्हतं, हेही तितकंच खरं आहे.

गेल्या आठवड्यात पुन्हा जाऊन आलो. पाऊस झाला आहे. दगड पडला तिथेच आडवा आहे. त्याचा पुरलेला भाग वीतभर होता. तेवढा भाग मातकट आहे, बाकी शेंदूर. कुणी त्याला उभा केलेला नाही. मी तालीच्या कडेने चालत गेलो आणि पावलं मोजली. वावराची त्या अंगाची रुंदी एकशे चाळीस पावलं आहे. आण्णाने रचलेली ताल अकरा पावलं आहे. तिच्यामागे यंदाच्या पावसात तीन बोटं माती थांबली आहे. वैनीने तेवढ्या मातीत मटकी टाकली आहे. बाकी वावरात मुरूम आहे.